आनंदीची गाठ

ओटीत आलेला ब्लाउजपीस उघडून बघायचा नाही, असा नियम कुठल्या पोथीत लिहिलेला नाही. पण भाईंदर पूर्वेच्या आमच्या गल्लीत तो पाळला जातो, आणि मीही जन्मभर पाळला. आलेला ब्लाउजपीस घडी न मोडता कपाटात जातो आणि पुढच्या हळदीकुंकवाला दुसरीच्या ओटीत पडतो. त्याचा ब्लाउज कुणी शिवत नाही. रंग कुणाला आवडलेला नसतो, कापड पुरेसं भरत नाही, आणि शिंप्याची शिलाई कापडापेक्षा महाग. एकदा मी तिसऱ्या मजल्यावरच्या गुणवंतच्या आईला दिलेला मोरपंखी ब्लाउजपीस दोन वर्षांनी माझ्याच ओटीत परत आला होता, कोपऱ्यावरच्या शाईच्या डागासकट. आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. आता मला त्यातलं काही हसण्यासारखं वाटत नाही.

मी आनंदी दशरथ भुवड. लग्न होऊन रत्नागिरीकडून इथे आले तेव्हा आमच्या खिडकीतून मिठागरं दिसायची, आता समोरच्या बिल्डिंगचं स्वयंपाकघर दिसतं. आमचे हे इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लग्नपत्रिकांच्या छापखान्यात कामाला होते. छापताना चुकलेल्या पत्रिका घरी आणायचे. कुणाच्या आडनावाची वेलांटी गेलेली, कुणाचा सकाळचा मुहूर्त संध्याकाळचा झालेला. पत्रिकेवर गणपती असतो, त्यामुळे ती केरात टाकता येत नाही. पलंगाखाली गठ्ठेच्या गठ्ठे साचले. शेवटी मी कात्री घेतली. गणपती कापून विसर्जनासाठी बाजूला ठेवायचा आणि उरलेल्या जाड कागदाचे डबे करायचे.

त्या डब्यांवर कापड. जुन्या साडीचा पदर, फाटलेल्या परकराची लेस, शिंप्याकडच्या कातरणी, मिठाईच्या खोक्याची सोनेरी दोरी. चिकटपट्टी नाही, टाचणी नाही. कापडाची चार टोकं घ्यायची, दोन आत दडपायची आणि दोन वर सशाच्या कानांसारखी काढायची. उजवा कान ओढला की गाठ अलगद सुटते. डावा ओढला तर जास्तच आवळते. बिल्डिंगमध्ये त्याला ‘आनंदीची गाठ’ म्हणायचे. कुणाकडे वाढदिवस असो की वास्तुशांत, बायका वस्तू घेऊन माझ्याकडे यायच्या. ओटीचे ब्लाउजपीससुद्धा मी तसेच बांधून द्यायचे, आत पत्रिकेचा पुठ्ठा घालून. महिला मंडळाच्या ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धेत मला तीन वर्षं लागोपाठ पहिलं बक्षीस मिळालं. चौथ्या वर्षी त्यांनी मला परीक्षक केलं, म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी बक्षीस मिळावं.

मला त्याचा गर्व होता, सरळच सांगते. आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं, तेही सांगते.

साहिल आमचा एकुलता एक. त्याची बायको संजना, पेणकरपाड्याची मुलगी. शिकलेली, अंधेरीला एका कुरिअर कंपनीत कामाला जाणारी. वन रूम किचनमध्ये आम्ही चौघं पाच वर्षं राहिलो. घरोघरी मातीच्या चुली असतात, तशा आमच्याही होत्या, पण धूर कधी दाराबाहेर गेला नाही. दोन हजार पाच सालच्या दिवाळीआधी तिच्या साहेबांच्या मुलीचा वाढदिवस होता. ती बाहुली घेऊन आली आणि बांधायला कागद आणायचा विसरली. ती झोपल्यावर मी हौसेने डबा केला. माझ्या जांभळ्या नारायणपेठीचा पदर कापला, वर कान काढले, आणि सकाळी तिच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीशेजारी ठेवून दिलं. ती घाईत होती, तशीच घेऊन गेली.

संध्याकाळी आली ती चप्पल न काढताच बोलायला लागली.

“आई, यापुढे माझ्या वस्तूंना हात नका लावू प्लीज. सगळं ऑफिस हसत होतं मला. त्या मुलीने झाकण उघडलं तर आत काय, ‘चिरंजीव उत्तम यांचा शुभविवाह’! साहेब म्हणाले, संजना, ये उत्तम कौन है? आणि वरती तुमच्या चिंध्या.”

डब्याची छापील बाजू आत गेली होती. चूक माझीच होती. पण ‘चिंध्या’ हा शब्द मला झोंबला. पंधरा वर्षं ज्या कामाला लोक वा वा म्हणत होते, त्याला माझ्या घरात, माझ्या सुनेने चिंध्या म्हणावं? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

“माझ्या हातात चिंध्या पडल्या तरी त्याचं काहीतरी होतं,” मी म्हटलं. “तुझ्या पदरात माझा सोन्यासारखा मुलगा पडला. पाच वर्षांत काय झालं त्याचं?”

ह्यांनी टीव्ही बंद केला. साहिल मोरीतून तोंड पुसत बाहेर आला होता. आदल्या वर्षी संजनाचं पोटातलं मूल तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. दवाखान्यात तिच्याबरोबर मीच होते, रिक्षात तिचं डोकं माझ्याच मांडीवर होतं. मला ते माहीत असताना मी बोलले. माहीत होतं म्हणूनच बोलले, कुठे लागेल ते मला ठाऊक होतं.

ती रडली नाही. चप्पल काढली, हातपाय धुतले आणि कुकर लावला. महिन्याभरात दोघं मिरा रोडला शांती नगरमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. सामान नेताना साहिल मला म्हणाला, “तू फक्त एकदा तिला सॉरी म्हण. एकदाच.” मी म्हटलं, “तिने मला चिंध्या म्हटलं ते?” तो म्हणाला, “ती चिंध्यांना चिंध्या म्हणाली, आई. तू तिला काय म्हणालीस?”

माफी मागणं मला येत नाही. आमच्या घराण्यात कुणालाच येत नाही. माझी आई माझ्या बापाशी अकरा वर्षं बोलली नव्हती, पण रोज त्याच्या ताटात गरम भाकरी पडायची. आम्ही जे काय सांगायचं ते हाताने सांगतो, तोंड फक्त भांडायला ठेवलेलं असतं.

पुढच्या वर्षी संजनाला दिवस राहिल्याचं कळलं. साहिलने फोन करून ह्यांना सांगितलं, ह्यांनी मला. मी त्या रात्री पेटीतून माझा लग्नातला शालू काढला. डाळिंबी रंगाचा, काठाला खरी जर. जन्मभर लोकांच्या साड्या कापल्या, पण हा शालू कापायचं माझ्या कधी मनात आलं नव्हतं. त्याची मी बाळासाठी कुंची शिवली. आत माझ्या जुन्या मऊ पातळाचं अस्तर, कपाळावर जरीची किनार, आणि सगळी शिलाई हाताची. आठ दिवस लागले. मग साहिल-संजनाच्या लग्नाची पत्रिका शोधली. ती ह्यांच्याच छापखान्यात छापलेली, एकही चूक नसलेली. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी लिहिलं, “मी बोलले ते चुकलं. बाळाला ही घाल. आई.” सातवी शिकलेल्या बाईला एवढं लिहायला अख्खी दुपार लागली. अक्षरांना नाही, ‘चुकलं’ या शब्दाला लागली.

पत्रिका कुंचीच्या आत सरकवली आणि हिरव्या खणाच्या ब्लाउजपीसमध्ये सगळं चपटं बांधलं. वर कान काढले. इतकी सुबक गाठ माझ्या हातून त्याआधी पडली नव्हती, त्यानंतरही नाही.

डोहाळजेवण तिच्या आईने शांती नगरच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवलं होतं. संजना हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत बसली होती. चेहरा भरला होता. बायका रांगेने ओटी भरत होत्या आणि तिची आई मागे बसून नारळ एका पोत्यात आणि ब्लाउजपीस निळ्या टबात टाकत होती. माझी पाळी आली. मी हळदीकुंकू लावलं, तांदूळ-नारळ घातले, त्यावर ते हिरवं पुडकं ठेवलं. संजनाने वर बघितलं. “आई, बरं वाटलं तुम्ही आलात,” ती म्हणाली.

तेव्हा मी दोन शब्द बोलायला हवे होते. उघडून बघ. तेवढेच. पण मागे पंधरा बायका उभ्या होत्या, तिची आई बघत होती, आणि मला वाटलं, मी का सांगू? ज्याला गरज असेल तो बघेल. मी “सांभाळून राहा” म्हटलं आणि पुढे झाले. मागे वळले तेव्हा तिची आई ते पुडकं टबात टाकत होती.

घरी येऊन मी फोनजवळ बसले. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. आठवडा गेला, महिना गेला. साहिलचा फोन यायचा, तब्येतीचं सांगायचा. मी विचारायचे, “संजना काही म्हणाली?” तो म्हणायचा, “कशाबद्दल?” मी म्हणायचे, “काही नाही.” मनात म्हणायचे, बघितलंस आनंदी, शालू कापलास, नाक घासलंस, आणि त्या बाईला एक शब्द सुचत नाही. माझी चूक माझ्या डोक्यातून हळूहळू पुसली गेली आणि तिची मोठी होत गेली.

मुलगी झाली. सव्वा महिन्याने बारसं केलं, नाव सलोनी ठेवलं. मी पाळण्याजवळ गेले. माझी नात गुलाबी सॅटिनच्या झबल्यात झोपली होती आणि डोक्यावर दुकानातली पांढरी टोपी होती, सशाचं चित्र असलेली. कुंची नाही. मी पाळण्याच्या उशापायथ्याशी बघितलं, चादर उचलून बघितलं. नाहीच.

संजना माझ्यामागे येऊन उभी राहिली. म्हणाली, “आई, तुमच्या हातचं काहीच नाही आणलंत बाळाला?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा शालू गिळून वर ही मलाच विचारते! मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने म्हटलं, “आमच्या चिंध्या कशाला बाळाच्या अंगाला? रेडीमेड मिळतं की आता सगळं.”

तिच्या तोंडावरचा रंग उतरला. साहिल काही बोलणार होता, तिने त्याचा हात धरला. मी जेवले नाही, निघालेच. तेव्हा ती कुंकवाची कोयरी घेऊन दाराशी आली आणि तिने माझी ओटी भरली. तेही मला लागलं. घरच्या माणसाची कुणी ओटी भरून पाठवणी करतं का? ओटी पाहुणीची भरतात. म्हणजे मला पाहुणी केली. त्यात ब्लाउजपीस होता पिवळ्या बांधणीचा, आणि वर गाठ. माझीच गाठ! कान एका मापाचे नव्हते, एक लांडा झाला होता, पण गाठ तीच.

“आई, घरी गेल्यावर नक्की उघडा,” ती म्हणाली. “मी बांधलंय. जमलंय का बघा.”

मी म्हटलं, “दिसतंय काय जमलंय ते.” नक्कल करते माझी, असं माझ्या मनात आलं. चिंध्या म्हणायचं आणि वर त्याचीच नक्कल करून माझ्या पदरात घालायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तनची इनेझ मासळी घेऊन दारात बसली होती. आठवड्यातून तीनदा येते, वीस वर्षांची ओळख. मी कालची ओटीची पिशवी तशीच आणून तिच्या टोपलीशेजारी ठेवली. “घे, पोलकं शिव तुला,” मी म्हटलं. “आत काय असेल ते तुझं. मला परत काही दाखवू नकोस.”

इनेझ हसली. “सुनेनं दिलाव काय? आनि तू मला देते?”

“तिचं नाव काढू नकोस.”

पुढच्या खेपेला ती म्हणाली, “बाय, त्या कापडात काय हाय म्हायती—” मी तिथेच तोडलं. “तुला सांगितलं ना? बोंबील ताजे आहेत का ते सांग.” मग ती बोंबलांचं बोलायला लागली.

त्यानंतर मी शांती नगरला गेले नाही. साहिल सलोनीला घेऊन दोनदा आला, संजना नाही आली. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, “आई, तू घरी का येत नाहीस?” मी म्हटलं, “पाहुणीला बोलावणं लागतं.” दोन हजार सातच्या मे महिन्यात त्याच्या कंपनीने त्याला बडोद्याला पाठवलं. फ्लॅट सोडला. जाताना स्टेशनवर हे गेले होते, मी नाही गेले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ती माझ्यासाठीच काढलेली म्हण असावी.

दोन हजार नऊची संक्रांत झाली आणि हळदीकुंकवं सुरू झाली. गुणवंतच्या आईकडे मी सगळ्यात शेवटी गेले. तिने वाण म्हणून प्लास्टिकची गाळणी दिली आणि ओटीत पुडकं घातलं. हिरव्या खणाचं. वर दोन कान.

मी गाठ ओळखली. आपल्या हाताची गाठ आपल्याला कळते. गेल्या चार-पाच वर्षांत मी कितीतरी पुडकी बांधली होती, त्यातलंच एक असेल असं आधी वाटलं. पण कुंचीवर बांधलेल्या खणाच्या किनारीला मी एक लाल टाका घातला होता, दृष्ट लागू नये म्हणून. तो टाका तिथेच होता.

“हे कुठून आलं तुमच्याकडे?” मी विचारलं.

“अहो, तुमचंच असणार ना बांधलेलं!” ती हसली. “माझ्या नणंदेने दिलं गौरीत. तिला तिच्या पेणकरपाड्याच्या शेजारणीने दिलं होतं, मंगळागौरीला. त्या शेजारणीकडे कुठून आलं देव जाणे, कुणाच्या तरी डोहाळजेवणातलं म्हणत होती. इतकी सुंदर गाठ आहे, कुणाला मोडवतच नाही. मी पण म्हटलं, असंच पुढे जाऊ दे.”

पेणकरपाड्याची शेजारीण म्हणजे संजनाच्या माहेरची, तिच्या आईची शेजारीण. निळ्या टबातून ते पुडकं संजनाकडे गेलंच नव्हतं. तिच्या आईने चाळीस ब्लाउजपीस आपल्या घरी नेले असतील आणि वर्षभर वाटले असतील. कुणीही तेच केलं असतं. मीही तेच केलं असतं.

घरी येऊन मी उजवा कान ओढला. अडीच वर्षांनी गाठ पहिल्यांदा सुटली. कुंची तशीच होती, डाळिंबी, जरीला थोडा काळसरपणा आलेला. पत्रिका आत होती. मी बोलले ते चुकलं. मी ती चार पानांची चिठ्ठी असल्यासारखी पुन्हा पुन्हा वाचत बसले, आणि मग मला बारशातलं संजनाचं वाक्य आठवलं. तुमच्या हातचं काहीच नाही आणलंत बाळाला? ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच हवं होतं. गाठही नक्कल म्हणून मारली नव्हती. माझ्या हाताकडे बघून बघून शिकली होती, आणि मला दाखवत होती.

आणि मग दुसरं वाक्य आठवलं. घरी गेल्यावर नक्की उघडा. जे मला बोलता आलं नव्हतं, ते ती बोलली होती.

सकाळी इनेझ येईपर्यंत मी दारातच उभी होते. ती जिना चढून टोपली टेकवते न टेकवते तोच मी विचारलं.

“इनेझ, ती पिशवी दिली होती मी तुला, पिवळ्या कापडाची. त्यात काय होतं गं?”

इनेझने डोक्यावरची चुंबळ काढली. “आता इचारते? मी तवा सांगत व्हती, तू बोंबील बोंबील करत बसलीस.”

“काय होतं?”

“गाठ काय सुटंना. ओढली तं जास्तच घट्ट. मंग कोयत्यानं कापली. आत चावी व्हती, बाय. घराची चावी.”

“कुठाय?”

“हाय ना. कुनाच्या घराची चावी अशी टाकून द्याची काय? देवाजवल ठेवली हाय, सायबाच्या फोटूखाली. उद्या आनते.”

दुसऱ्या दिवशी तिने ती कागदात गुंडाळून आणली. पितळी चावी, नव्या कुलपाची असते तशी. तिला लाल दोरा आणि दोऱ्याला पत्रिकेचा कापलेला एक तुकडा, पानाच्या आकाराचा. कडा वेड्यावाकड्या कापलेल्या. त्यावर पेनाने एकच शब्द लिहिला होता, ‘आई’.

इनेझ म्हणाली, “तुजीच ना?” मी हो म्हटलं. तिने त्या दिवशी माझ्याकडे पैसे मागितले नाहीत आणि मलाही द्यायचं भान राहिलं नाही.

ह्यांनी नंबर लावून दिला. मी आजवर बडोद्याला कधी आपण होऊन फोन केला नव्हता. संजनाने उचलला.

“हॅलो. अरे, आई. बोला ना. बाबा बरे आहेत ना?”

“बरे आहेत,” मी म्हटलं. मग जे होतं ते सगळं एकदम सांगत गेले. कुंचीचं, पुडक्याचं, टबाचं, गुणवंतच्या आईचं. मधे ती “अच्छा” म्हणत होती. मी म्हटलं, “मी त्यात लिहिलं होतं, माझं चुकलं म्हणून. तुला पोचलंच नाही ते.”

मागून एका लहान मुलीचा आवाज आला, “मम्मी, कोण छे?” संजनाने फोन बाजूला धरून सांगितलं, “भाईंदरवाल्या आजी.”

“कुंची पाठवून देऊ का?” मी विचारलं.

“आता अडीच वर्षांची होईल ती, आई. डोक्याला नाही बसणार.” तिचा आवाज चिडलेला नव्हता. तो चिडलेला असता तर मला बरं वाटलं असतं. “राहू द्या तुमच्याकडेच.”

“आणि चावी मिळाली मला,” मी म्हटलं.

“कुठली चावी?”

“तू बारशाला बांधून दिलेली. शांती नगरच्या घराची.”

तिला आठवायला वेळ लागला. मग ती हळूच म्हणाली, “हां, ती. मी ऑफिसला जाणार होते परत, बाळाला सकाळी सांभाळायला तुम्ही याल असं वाटलं होतं. साहिलला म्हटलं, आईंना तोंडाने बोलवलं तर भांडण होईल, बांधून देते. मग तुम्ही काही बोललाच नाहीत. साहिल म्हणाला, हरवली असेल. भाड्याचं घर, चावी अशी बाहेर कुठे राहिली तर भीती वाटते ना. म्हणून कुलूप बदललं.”

“कधी?”

“बारशानंतर महिनाभर थांबलो होतो. मग बदललं.”

त्यानंतर तिने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, बडोद्याच्या उन्हाचं सांगितलं, आणि गॅसवर काही ठेवलंय म्हणून फोन ठेवला. सगळं अगदी रीतसर, पाहुणीशी बोलावं तसं.

मी बराच वेळ चावी हातात घेऊन बसले. शांती नगर इथून रिक्षाने वीस मिनिटांवर आहे. महिनाभर, तीसही दिवस, ही चावी त्या दाराला लागत होती. आतमध्ये माझी नात पाळण्यात होती आणि तिची आई रोज सकाळी दाराकडे कान लावून होती. आणि मी इथे जमिनीवर बसून लोकांच्या भेटवस्तूंवर गाठी मारत होते.